पूर्ण परतावा

परदेशी जायचं ठरलं की ओळखीचे लोक आधी पासपोर्ट शोधत आणि मग मापाड्याला. मापाडी हे काही त्याचं खरं नाव नव्हे. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून चौतीस वर्षं त्याने दुकानादुकानांतले तराजू तपासले, म्हणून थोरल्या बहिणीने त्याला मापाडी म्हणायला सुरुवात केली आणि ते चिकटलं. निवृत्त झाल्यावर तपासायला तराजू उरले नाहीत, तेव्हा त्याने आपली नजर विमान कंपन्यांकडे वळवली. कंपन्यांना याची कल्पना नव्हती, एवढंच.

सल्ला फुकट असे. तिकीट मंगळवारी दुपारी काढावं. सुट्ट्या संपल्यावर निघावं. विमान दोनदा बदलावं. थेट जाणारा माणूस अंतराचे नाही, घाईचे पैसे भरतो. पाण्याची बाटली रिकामी न्यावी आणि तपासणी झाली की नळावर भरावी. विमानतळावर नोटा बदलू नयेत, जेवू नये, शक्यतो कुणाशी बोलू नये. जड कपडे बॅगेत न भरता अंगावर चढवावेत, कारण माणसाचं वजन अजून तरी कुणी करत नाही.

आणि या सगळ्यांच्या वर एक नियम होता: गरज दाखवायची नाही. हा वडिलांचा. बाजारात शिरायच्या आधी ते दोघा भावंडांना कोपऱ्यावर थांबवून बजावत, "एखादी वस्तू आवडली तर तोंड पाडून उभं राहायचं. दुकानदाराला कळलं की भाव चढला." पोरं या विद्येत इतकी तरबेज झाली की पुढे घरातसुद्धा कुणाला काय हवंय याचा पत्ता लागेना. ताईला मुलगा पसंत आहे का असं विचारलं तेव्हा तिने तोंड पाडलं. वडिलांनी लगेच होकार कळवला.

मापाडी तर तिकिटं शोधून झाली की संगणकातल्या सगळ्या खुणा पुसून टाकी. "त्याला कळता कामा नये की आपल्याला जायचंय," असं तो बायकोला सांगे. बायको म्हणे, "मला तरी कुठे कळतं." मागच्या प्रवासात एका विमानतळावरच्या बाकावर अठरा तास काढल्यापासून तिने परदेश हा विषय कायमचा बंद केला होता.

ताई लग्न होऊन दूर समुद्रापलीकडे गेली ती तिथलीच झाली. नवरा लवकर गेला. कपडे दुरुस्त करायच्या दुकानात लोकांच्या विजारी आखूड करत तिने मुलाला मोठं केलं. तो आता शहर बस चालवतो. भावंडांची माया तिकिटांच्या भावातून वाहत असे. दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी एक जण जाई किंवा येई, आणि भेटल्यावर पहिलं वाक्य ठरलेलं असे: "कितीला पडलं?" ज्याचं स्वस्त, त्याची कॉलर ताठ.

गेल्या हिवाळ्यात ताईच्या पोटातली एक गाठ काढली. "डॉक्टरने काम बरं केलंय," एवढंच तिने फोनवर सांगितलं होतं. त्यावर मापाड्यानेही जास्त चौकशी केली नाही. ती खूश वाटली असती तर त्याला काळजी वाटली असती.

एका रविवारी सकाळी तिचा फोन आला.

"मापाड्या, येतोस का?"

"येतो की. आठ-दहा दिवसांनी सुट्ट्या संपतात. मग भाव बसतो."

"हो, तेव्हा बसतो," ताई म्हणाली. मग थोडं थांबून, "आधी नाही जमणार?"

"आधी काय आहे?"

"काही नाही. आपलं विचारलं."

"काय काय आणू? यादी सांग. पण सात किलोच्या आत."

"काही नको. तू ये."

तीस वर्षांत पहिल्यांदाच यादी नव्हती. फोन ठेवून मापाडी बायकोला म्हणाला, "ताई सुधारली म्हणायची. सात किलो पूर्ण माझे."

सोमवारी पहाटे साडेपाचला उठून त्याने आदल्या सकाळनंतर पहिल्यांदाच फोन पाहिला तर त्यात तिकीट येऊन पडलेलं. त्याच्याच नावाचं. परवाचं, बुधवारचं. थेट विमान, संध्याकाळी पोचणारं. खाली ताईच्या कार्डाचे शेवटचे चार आकडे आणि त्याच्याही खाली रक्कम. ती त्याने चष्मा पुसून पुन्हा वाचली. एवढ्या पैशांत तो तीनदा जाऊन आला असता.

"ताईला कुणीतरी फसवलंय," तो म्हणाला.

बायकोने डोळे चोळत फोन हातात घेतला. "फसवलेलं नाही. तिकीट खरं आहे."

"मग चुकीचं बटण दाबलं असेल तिने. वय झालंय. तीस वर्षांत तिने कधी थेट विमानाकडे पाहिलं तरी आहे का?"

"म्हणूनच म्हणते," बायको म्हणाली. "तीस वर्षांत जे केलं नाही ते आज केलं. आधी त्यांना विचारा."

त्याने फोन लावला. तिकडे मध्यरात्र उलटून गेलेली. कुणी उचलला नाही.

"भाच्याला लावा."

"त्याला पहाटे बस काढायची असते. अशा वेळी मामाचा फोन वाजला तर घाबरेल ना पोरगं. त्याला वाटेल, कुणीतरी गेलं."

बायको स्वयंपाकघरात गेली आणि पातेलं गरजेपेक्षा जोरात आपटलं.

मापाड्याने तिकिटाखालची बारीक अक्षरातली कलमं वाचायला घेतली. लोक ती वाचत नाहीत, म्हणून कंपन्यांचं फावतं, असं त्याचं जुनं मत होतं. अकराव्या कलमात त्याला हवं ते सापडलं: खरेदीपासून चोवीस तासांच्या आत रद्द केल्यास पूर्ण परतावा, एक पैही न कापता. ताईने तिकीट काल त्याच्याशी बोलणं झाल्या झाल्या काढलेलं. आठ वाजता चोवीस तास संपणार होते.

सात वाजता त्याने पुन्हा फोन लावला. साडेसातला पुन्हा. पावणेआठला बायको दारात येऊन उभी राहिली.

"जा ना बुधवारी," ती म्हणाली. "पैसे जाऊ देत. मी सांगते म्हणून जा."

"माझे असते तर जाऊ दिले असते," मापाडी म्हणाला, आणि ते खरंही नव्हतं. "तिने एकेक विजार आखूड करून जमवलेत. माझ्यामुळे बुडवू?"

सात त्रेपन्नला त्याने तिकीट रद्द केलं. 'आपली रक्कम सात ते दहा कामाच्या दिवसांत खात्यात जमा होईल' असं उत्तर आलं. चौतीस वर्षांत त्याने पुष्कळ खोटी मापं पकडली होती, पण इतक्या समाधानाने तो कधी चहा प्यायला नव्हता.

तासाभराने ताईचाच फोन आला.

"तिकीट रद्द झाल्याचं कळवलंय मला," ती म्हणाली. आवाज लांबून आल्यासारखा होता.

"मीच केलं. अगं, काय भाव लावला होता त्यांनी. तू घाबरू नकोस, सगळे परत येणार. सात मिनिटं उरली होती फक्त. उद्या मंगळवार, उद्या दुपारी मी नवीन काढतो. पुढच्या मंगळवारी निघायचं, दोनदा बदलायचं. ओळख कितीत?"

ती बराच वेळ बोलली नाही. त्याला वाटलं, आकडेमोड चालली असेल.

"किती वाचले?" तिने विचारलं.

त्याने आकडा सांगितला.

"हुशार आहेस," ताई म्हणाली. "म्हणजे पोचणार गुरुवारी. या नव्हे, त्या."

"त्या. सकाळी."

"बरं. मी थांबते."

पुढचा मंगळवार उजाडला. मापाड्याने बॅग काट्याला लटकवली. हुक असलेला हा खात्यातला जुना काटा त्याने निवृत्तीच्या दिवशी आठवण म्हणून आणला होता, आणि खात्यानेही तो कधी परत मागितला नव्हता. सहा किलो नऊशे. बाकीचे दोन सदरे, एक स्वेटर आणि कोट अंगावर. बायको म्हणाली, "पोचल्या पोचल्या कळवा." तो म्हणाला, "कळवतो, पण फुकटचं इंटरनेट सापडल्यावर."

बुधवारी पहाटे तो दुसऱ्या बदलाच्या विमानतळावर उतरला. पुढचं विमान संध्याकाळी. तिसऱ्या मजल्यावर प्रार्थनेच्या खोलीपलीकडे एक बाक होता. त्याला मध्ये हात नव्हते, म्हणजे आडवं होता येई. जगातल्या फार थोड्या लोकांना तो ठाऊक होता. आजही तो मोकळाच होता. मापाड्याने बाटली भरून घेतली, बूट काढून उशाला घेतले आणि कोट पांघरला.

तिथलं इंटरनेट दिवसाला पंचेचाळीस मिनिटं फुकट. नवखे लोक उतरल्या उतरल्या ते वापरतात आणि मग दिवसभर कोरडे बसतात. मापाड्याने ते राखून ठेवलं. दुपारी, निघायच्या आधी, दरवाजा क्रमांक बघायला लागलं की सुरू करायचं. तो छान झोपला. उठून घरून आणलेला डबा खाल्ला. एका कुटुंबाला नळ कुठे आहे ते दाखवलं.

चार वाजता त्याने इंटरनेट जोडलं. भाच्याचे तीन निरोप एकामागोमाग आले.

पहिला सकाळी नऊचा: मामा, कुठे पोचलात? आईला तुमच्याशी बोलायचंय.

दुसरा साडेनऊचा: मामा, फोन लागत नाही. लगेच लावा.

तिसरा अकरा वाजून गेल्यावरचा. त्यात दोनच शब्द होते.

तो वाचून मापाडी बाकावर बसला. बाजूने बॅगांची चाकं घरघरत जात होती. फोनच्या कोपऱ्यात वेळ मोजली जात होती. पंचेचाळीसातली एक्केचाळीस मिनिटं अजून शिल्लक होती.

गुरुवारी सकाळी भाचा विमानतळावर आला तो बसचालकाच्या गणवेशातच. गणवेश घालून तो कामाला निघाला होता आणि मग त्याला आठवलं होतं की आज जायचं नाही. गाडीत दोघंही रस्ता बघत राहिले.

ताईच्या खोलीत शिवणयंत्रावर कापड घातलेलं होतं. शेजारी खाटेवर धुतलेली चादर, पायाशी जाड रजई. मापाड्याला थंडी सोसत नाही म्हणून.

"डॉक्टरांनी पंधरा दिवसांपूर्वीच सांगितलं होतं, आठवडा, फार तर दहा दिवस," भाचा म्हणाला. "मी म्हटलं, मामाला कळवतो. तर म्हणाली, त्याचं मी बघते, तू मधे पडू नकोस."

मापाडी खुर्चीच्या कडेवर टेकला. कोट त्याने काढला नव्हता.

"शेवटी शेवटी औषधांनी तिचे वार चुकायला लागले होते. गेल्याच्या आधीच्या रविवारी मला म्हणाली, बुधवारी संध्याकाळी सुट्टी काढ, मामाला आणायला जायचंय. मी काढलीही. मग सोमवारी म्हणाली, राहू दे, माझीच गल्लत झाली." भाचा नाक ओढून घेत हसला. "तुम्ही तर या आठवड्यात येणार होतात. तिचं कुठलं काय कुठे जात होतं कुणास ठाऊक."

मापाड्याने तोंड उघडलं. पण साठ वर्षांची सवय होती. तोंड पडलं तेवढं, शब्द काही निघाला नाही.

भाच्याच्या खिशात ताईचा फोन वाजला. त्याने तो काढून पाहिला. त्याच्या कपाळावर आठी पडली.

"बँकेचं आहे. आईच्या खात्यात पैसे जमा झालेत. बरेच आहेत, मामा. तिला कोण देणं लागत होतं? मला तर कधी बोलली नाही."

त्याने फोन पुढे केला. मापाड्याने तो हातात घेतला, लांब धरला, मग जवळ. आकडा डावीकडून उजवीकडे वाचला आणि पुन्हा एकदा वाचला, जसा तो दुकानांत वाचत असे, शिक्का मारायच्या आधी.

"बरोबर आहेत," तो म्हणाला. "पूर्ण आलेत."