सातव्या खुंटीवरून

आमच्या खात्यात पावसाळ्यातले फोटो काढायचं काम कोणालाच नको असतं, म्हणून ते पंधरा वर्षं माझ्याकडे आहे. किनाऱ्यावर बावीस ठिकाणी जमिनीत लोखंडी खुंट्या ठोकलेल्या आहेत. मोठ्या भरतीच्या दिवसांत एकेका खुंटीवर जायचं, ट्रायपॉड बरोबर खुंटीवर उभा करायचा, लेन्स जमिनीपासून दीड मीटर उंच ठेवायची, कॅमेरा समुद्राकडे धरायचा आणि एक फोटो काढायचा. फोटोच्या तळापासून जमीन जिथे तुटते तिथपर्यंतचं अंतर मग ऑफिसात मोजतात. जागा तीच, उंची तीच, लेन्स तीच. बदलायची मुभा फक्त समुद्राला.

पाऊस पडत असतानाच हे का करायचं, असं लोक विचारतात. जमीन तेव्हाच तुटते म्हणून. उन्हाळ्यात सगळे किनारे शहाण्यासारखे वागतात.

सात नंबरची खुंटी माझ्या दादाच्या घरासमोर आहे. घर खरं वहिनीच्या वडिलांचं. दादा लग्नानंतर तिथे गेला आणि मागच्या शेडमध्ये होड्यांची इंजिनं दुरुस्त करू लागला. समोर व्हरांडा, व्हरांड्याची दगडी पायरी, पायरीपासून सहा मीटर वीस सेंटिमीटरवर खुंटी आणि खुंटीच्या पुढे उरलेली जमीन. सहा मीटर वीस हा आकडा मी त्या दिवशी टेपनं मोजला. त्याआधी कधी गरज पडली नव्हती.

दर वर्षी मी यायची, भिजत फोटो काढायची, उंबऱ्यात उभ्या उभ्या चहा प्यायची आणि पुढच्या गावाची बस पकडायची. वहिनी म्हणायची, "तू आमच्याकडे येतेस की खुंटीकडे, एकदा सांग. म्हणजे चहा कुठे ठेवायचा ते कळेल."

त्या वर्षी मी पोचले तेव्हा पाऊस आडवा येत होता. छत्रीचा उपयोग एवढाच की हात गुंतून राहतो. वहिनीनं दारातच टॉवेल दिला. व्हरांड्यात दादा होता आणि शेजारचे रेडिओकाका होते. गावातली बातमी आधी त्यांच्याकडे येते आणि मग घडते, म्हणून ते नाव. त्यांचं घर आणि त्यापलीकडचं आणखी एक, अशी तीन घरं सातव्या खुंटीच्या हद्दीत येतात.

"बस," वहिनी म्हणाली. "मागच्या वर्षी भिजलीस आणि आठवडाभर फोनवर नुसती खोकत होतीस. इथून काय वेगळा समुद्र दिसतो?"

"तिला शिकवू नकोस," दादा म्हणाला. "शास्त्रज्ञ बाई आहेत त्या. आपला समुद्र त्यांना चालत नाही."

"ताई, फोटोत माझं घरपण घ्या," रेडिओकाका म्हणाले. "बायको म्हणते, आयुष्यात कुठे छापून आला नाहीत."

मी बसले. पाऊस थोडा उतरला की खुंटीवर जाऊ, असा हिशेब होता. भरतीची वेळ अकरा चाळीस, पुढेमागे पंधरा मिनिटं चालतात. खूप वर्षांनी दादाच्या घरात मी खुर्चीला पाठ टेकली होती. वहिनीचे डोळे हसत होते. अकरा पन्नासला पाऊस होता तसाच होता. मी ट्रायपॉड व्हरांड्याच्या काठाशी, पायरीजवळ लावला. व्हरांडा जमिनीपासून पंचेचाळीस सेंटिमीटर उंच आहे, म्हणून पाय तेवढे आखूड केले. उंची बरोबर जमवली. मागे सरकलेलं अंतर टेपनं मोजलं आणि ते शेऱ्यात लिहायचं ठरवलं.

फॉर्मवर खुंटीचा नंबर आधीच छापलेला असतो. शेऱ्याचा रकाना दोन बोटं रुंद. माझे हात ओले होते, चहा आला, रेडिओकाकांनी त्यांच्या मेव्हण्याचा होडीतून पडण्याचा किस्सा सुरू केला, आणि मग बसची वेळ झाली.

विसरले, असं म्हटलं तर ते पुरतं खरं नाही. नवव्या खुंटीवर मला आठवलं होतं. सातचा फॉर्म पिशवीच्या तळाशी, प्लास्टिकमध्ये होता. ऑफिसात गेल्यावर लिहू, असं म्हटलं. ऑफिसात बावीस फॉर्मांचा गठ्ठा मी टेबलावर ठेवला आणि त्याच दिवशी कोणीतरी तो उचलून नेला.

त्या वर्षीचा सातव्या खुंटीचा फोटो सुंदर आला होता. माझा एकही फोटो कधी सुंदर नसतो, तसा तो असायचं कारणही नाही. पण या फोटोत समुद्राच्या पुढे बारीक, थरथरत्या उभ्या रेघा होत्या, आणि त्यांच्या आडून लाटा राखाडी कापडासारख्या दिसत होत्या. साहेबांनी तो खात्याच्या कॅलेंडरवर मुखपृष्ठाला घेतला. "बाई, याला म्हणतात नजर," ते म्हणाले. फोटो कुठे उभं राहून काढलाय हे मला तेव्हा नीट ठाऊक होतं. तरी मला आनंद झाला. मी कॅलेंडरच्या सहा प्रती दादाला पाठवल्या.

यादी त्यानंतर दोन महिन्यांनी लागली. स्थलांतराच्या यादीचा नियम सरळ आहे. ज्या खुंटीसमोरची जमीन सलग तीन वर्षं घटली, तिच्या हद्दीतल्या घरांना आत, उंचावर नवी जागा मिळते. सातव्या खुंटीची दोन वर्षं भरली होती. हे तिसरं.

दादाचा फोन आला. "गावातली अकरा घरं यादीत आहेत. आमची तीन नाहीत. आमच्याकडे समुद्र मागे गेला म्हणे. मी रोज खिडकीतून बघतो, मला तर कुठे जाताना दिसला नाही."

मी नोंदवही काढली. सातवी खुंटी: जमीन चार मीटर नव्वदनं वाढली. सहा वीसमधून चार नव्वद गेले की एक तीस उरतात. जमीन एक मीटर तीसनं घटली होती, म्हणजे आदल्या दोन्ही वर्षांपेक्षा जास्त. वजाबाकी करायला मला कागदही लागला नाही. वही घेऊन मी साहेबांकडे गेले.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग मागे वळून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"म्हणजे या रेघा पावसाच्या नाहीत?"

"पागोळ्या आहेत, सर. व्हरांड्याच्या छपराच्या."

"कमाल आहे. मी रोज याच्यासमोर जेवतो. हे लेखी देऊ नका."

"का, सर?"

"लेखी दिलं की वर जाईल. वर गेलं की म्हणतील, एका वर्षी जागा बदलली, मग आधीच्या चौदा वर्षांचं काय? तुम्ही सांगाल, ती बरोबर आहेत. ते म्हणतील, हेही बरोबर आहे असंच सांगितलं होतं ना? आणि मग विचारतील, व्हरांडा कोणाचा."

"आणि नाही दिलं तर?"

"तर पुन्हा शून्यापासून तीन वर्षं. तुमच्या भावाला म्हणावं, थोडं थांब."

"तीन वर्षांची जमीन नाहीये तिथे."

"ते मला कळतं, बाई," ते म्हणाले, आणि खरोखरच त्यांना कळत असावं, कारण त्यांनी डबा न उघडताच बाजूला सारला.

मी लेखी दिलं. तारीख, वेळ, अंतर, उंची, दुरुस्त केलेला आकडा आणि चूक माझी. दीड पानात मावलं. उत्तर नऊ ओळींत आलं. खुंटी क्रमांक सातच्या एका वर्षाच्या नोंदीत चूक असल्याचं संबंधितांनीच कबूल केलं असल्यामुळे तिच्या आधीच्या सर्व नोंदीही विश्वासार्ह धरता येत नाहीत. येत्या पावसाळ्यापासून मोजणी नव्यानं सुरू करावी. गप्प बसले असते तर नेमकं हेच झालं असतं. फरक एवढाच की आता माझी चौदा खरी वर्षंही त्यात गेली.

हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. मी गावी गेले. व्हरांड्याच्या भिंतीवर ते कॅलेंडर होतं, आणि वर्षाचे दोन महिने उलटून गेले तरी मुखपृष्ठ तसंच वर ठेवलेलं होतं. वाऱ्यानं पानं उलटू नयेत म्हणून वहिनीनं खाली चिमटा लावला होता.

मी सांगत असताना दादा चिंधीनं हाताचं ग्रीस पुसत होता. हात स्वच्छ झाले तरी पुसतच राहिला.

"म्हणजे मी म्हटलं म्हणून," वहिनी म्हणाली.

"मी ऐकलं म्हणून."

"मीच बस म्हटलं तुला. टॉवेल दिला."

"वहिनी, लिहायचं काम माझं होतं."

"पंधरा वर्षं," दादा बोलला. "माझ्या लग्नाच्या पंगतीतून भरतीची वेळ बघून उठलीस. आई आजारी होती तेव्हा मोजणी संपवून आलीस. एक मिलिमीटर इकडचा तिकडे केला नाहीस कोणासाठी. आणि एकदाच आमचं ऐकलंस, तेही नेमकं या वर्षी."

तो म्हणाला त्यातला एकही आकडा चुकीचा नव्हता.

रेडिओकाकांना मी स्वतः जाऊन सांगितलं. ते दारात उभे राहून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बरं," आणि आत गेले. ही बातमी त्यांनी गावात कोणालाही सांगितली नाही. त्यांनी ती पसरवायला हवी होती. मग निदान मी रागावू शकले असते.

पुढच्या पावसाळ्यात पहिल्याच वादळात कड कोसळली आणि खुंटी तिच्याबरोबर गेली. खुंटी म्हणजे आमच्या लेखी न हलणारी वस्तू. ती समुद्रात गेली, हा जमीन गेल्याचा पुरावा आहे, असं मी ऑफिसला कळवलं. ऑफिसनं कळवलं की आधारखूण नष्ट झाल्यामुळे जवळच्या पक्क्या दगडात नवी खुंटी बसवून मोजणी सुरू करावी.

जवळचा पक्का दगड एकच होता.

मी ड्रिल घेऊन गेले. दादानं शेडमधून वायर ओढून दिली, न सांगता. पायरीच्या मधोमध मी भोक पाडलं. वहिनी रोज जिथे पाय ठेवते, त्याच्या दोन बोटं डावीकडे. दगडाची भुकटी पावसात पांढरी होऊन वाहून गेली. खुंटी ठोकली, सिमेंट भरलं. साक्षीदाराची सही आता लागते. रेडिओकाका आले, "कुठे?" एवढंच विचारलं, सही केली आणि छत्री न उघडताच निघून गेले.

या वेळी पाऊस सरळ पडत होता. ट्रायपॉड खुंटीवर, लेन्स जमिनीपासून दीड मीटर. छपराच्या पागोळ्या लेन्सच्या पुढे होत्या, जशा गेल्या वर्षी होत्या. आता त्या तिथेच असणं बरोबर होतं.

वहिनी दारात आली. हातात टॉवेल नव्हता, चहाही नव्हता.

"बरं झालं," ती म्हणाली. "आता तुला भिजावं लागणार नाही."

ती टोमणा मारत नव्हती. टोमणा मारायची तेव्हा तिचे डोळे हसायचे.

अकरा चाळीस झाले. मी फोटो काढला. पडद्यावर समुद्र होता, रेघा होत्या, आणि तळाशी जमिनीची बोटभर पट्टी. टेप घेऊन मी पायरीपासून कडेपर्यंत गेले. पायाखालचा काठ भुसभुशीत होता, म्हणून शेवटचा हातभर वाकून मोजला.

दादा शेडच्या तोंडाशी उभा होता.

"किती आलं?"

"पाच मीटर चाळीस."

त्यानं व्हरांड्याकडे पाहिलं, मग पायरीकडे, मग माझ्या हातातल्या फॉर्मकडे.

"लिही मग," तो म्हणाला. "वर्ष पहिलं."