समोरचे दात

"तोंड उघड!" शेजारच्या अंगणात हवालदार गरजला. पाठोपाठ गोळी सुटली. शेजाऱ्यांनी लपवलेली शाळामास्तरीण गेली.

बोंगन्येच्या ओठांतलं लाल फळ सुपात पडलं. जिरीसान डोंगराच्या पायथ्याच्या या गावात कुंपणाकुंपणाला सान्सुयूची झुडपं. त्यांचं फळ कंबरदुखीवर आणि अंथरूण ओलं करणाऱ्या पोरांवर नामी औषध, पण बी पोटात जाता कामा नये. म्हणून इथल्या बायका जन्मभर एकेक फळ दातांनी फोडून बी थुंकतात, आणि त्यांचे समोरचे दात झिजून पार बोथट होतात. सैन्याला बंड झालेल्या शहरातून पळून आलेल्या बाया हव्या होत्या. हवालदार पलीकडच्याच खोऱ्यातला. गावची बाई कशी ओळखायची ते त्या मेल्याला बरोबर ठाऊक होतं.

बोंगन्येनं सुनेकडे पाहिलं. जोंगिम त्याच शहरातून परवा-परवा आलेली, नवऱ्याला तिकडेच गोळी घातलेली. दात कणसाच्या दाण्यांसारखे.

"आई, मागच्या दारानं पळू?"

"मागंही उभेत मुडदे. इकडे ये. डोळे मीट घट्ट."

तिनं कपडे बडवायचं धोपाटणं उचललं आणि सुनेच्या तोंडावर हाणलं. पहिल्या घावानं ओठ फाटला. दुसऱ्यानं दात तुटले. तिसराही तिनं मारलाच.

सैनिकांनी लाथेनं दार उघडलं तेव्हा ती सुनेच्या झिंज्या धरून किंचाळत होती, "गिळशील पुन्हा? बिया काढायच्या सोडून औषध गिळतेस, भवाने?"

हवालदारानं जोंगिमची हनुवटी वर केली. आत नुसतं रक्त आणि खुंट.

"म्हातारे, तू तर आमच्यावर कडी केलीस!" तो खो खो हसला. बापाच्या कंबरेसाठी त्यानं सुपातली मूठभर फळं खिशात कोंबली आणि पुढच्या घराकडे निघाला.

बोंगन्येनं धोपाटणं सुनेपुढे ठेवलं. "शिव्या दे गं मला. मार."

जोंगिमला बोलता येत नव्हतं. तिनं जमिनीवरचे दातांचे तुकडे वेचून सासूच्या ओंजळीत ठेवले.

दोघी अंगणात आल्या. पोराचा दुधाचा दात पडला की इथे तो छपरावर फेकतात. पाखरू तो नेतं आणि नवा आणून देतं. लेकाचे सगळे दुधाचे दात बोंगन्येनंच फेकले होते. तिनं एकेक तुकडा गवताच्या छपरावर टाकला. शेवटच्याला हात वर जाईना, तेव्हा तो जोंगिमनं तिच्याकडून घेतला आणि फेकला.