दारामागची भिंत

सरकारी अनुदानाचा अर्ज भरायला दोन दिवस उरले होते आणि विजयाताईंच्या फायलीत एकच गोष्ट कमी होती. पाम गावात त्या मुलींसाठी शिवणवर्ग चालवत. पुठ्ठ्यांच्या गोदामावरचा मजला, बावीस मुली आणि एकच अरुंद जिना. संस्थेची नोंदणी, ठराव, मुलींची यादी, सगळे तयार होते. आता संकटकाळी बाहेर पडायच्या दुसऱ्या वाटेचा फोटो हवा होता.

मागे एक दार होते खरे, पण जागामालकाने बाहेरून विटा रचून ते बुजवले होते. मुलींना हे ठाऊक नव्हते. विजयाताईंनी दाराला रंग दिला, वर ‘आपत्कालीन मार्ग’ अशी लाल पाटी लावली आणि फोटो काढला.

बळवंतकाका वर्गाची राखण करत. पूर्वी ते तारापूरच्या एका कारखान्यात आग विझवणाऱ्या पथकात होते. पाटी पाहून ते थबकले.

“ताई, ही काढा.”

“फोटोपुरती आहे, काका. अनुदान आलं की आधी भिंतच फोडू.”

“सायबाला कळायचं नाय, पण पोरी रोज वाचतात ना? धुरात माणूस विचार करत नाय. वाचलेलं असतं तिकडं धावतो.”

पाटी तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी काही मुलींनी आपली यंत्रे त्या दाराजवळ सरकवली. तिथे बसले की बरे वाटते, म्हणाल्या.

दुपारी कसलासा वास येऊ लागला. कोणी लक्ष दिले नाही. कारखान्यांच्या या भागात वास कधी नसतो? मग जिन्यातून धूर वर आला. खाली पुठ्ठे पेटले होते.

साऱ्या मुली लाल पाटीकडे धावल्या. सर्वांत पुढे असलेल्या मेघालीने कडी काढली, दार ओढले, समोर विटा! मागच्या मुली रेटत होत्या आणि ती भिंतीवर चेपली जात होती. “जिन्याकडे या!” विजयाताई ओरडत होत्या, पण कोणी ऐकेना. शेवटी ओले गोणपाट डोक्यावर घेऊन काका वर आले. एकेकीचा हात धरून त्यांनी मुलींना जिन्याकडे ओढले. सगळ्या वाचल्या.

अंगणात मेघाली सोललेले तळवे धरून बसली होती. तिने हळूच विचारले, “बाई, पाटी तुमीच लावलेली ना?”

“हो,” विजयाताई म्हणाल्या. “मी खोटं लिहिलं होतं.”

अर्ज त्यांनी पाठवला नाही. ते वर्ष अनुदानाविना गेले, वर्ग शाळेच्या पडवीत भरला. मालकाच्या मागे लागून त्यांनी भिंत फोडून घेतली, बाहेरून लोखंडी जिना बसवला. प्रत्येक मुलीला तो उतरायला लावला आणि मगच नवा अर्ज लिहायला घेतला.

संस्था चालवणाऱ्या बंधुभगिनींनो, खोट्या कागदाने आपण सरकारला फसवतो असे आपल्याला वाटते. पण त्यावर सर्वांत आधी विश्वास ठेवतात ती आपल्या भरवशावर आलेली माणसे. म्हणून आधी काम खरे करावे, अर्ज त्यानंतर लिहावा.