दोन मानांचा गळा

गुंडी झोपली की माझ्याकडे पाऊण तास असतो. कधी चाळीसच मिनिटं. तेवढ्यात मी आलेख काढायचे.

गुंडी म्हणजे माझी लेक, सात महिन्यांची. हे नाव सासूबाईंचं. त्या शिवणकाम करतात, आणि त्यांच्या मते पोर घरात आली तेव्हा शर्टाच्या गुंडीएवढीच होती. आमच्या पुढच्या खोलीत त्यांचं मशीन, कापायचं टेबल आणि भिंतीभर खिळ्यांना लटकलेले कागदी खाके. चार वर्षं त्यांच्या हाताखाली मी कटिंग शिकले. आता मला कपड्यांच्या कारखान्यात खाके काढायचं काम हवं होतं. त्याच्या कोर्सला प्रवेश मिळायचा तर गणिताची परीक्षा पास व्हावी लागते. एकदा मी नापास झाले होते. दुसरी संधी येत्या सोमवारी होती, आणि तिसरी मिळत नाही.

नापास का झाले ते सांगायला लाज वाटते. आलेख काढायचा होता क्ष वर्ग वजा चारचा. मी उजवी बाजू अशी सुबक काढली की बघत राहावं. मग उभ्या अक्षावर तुटक रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, 'घडीवर'. आमच्याकडे अख्खा गळा कुणी काढतच नाही. कागद दुमडायचा, अर्धा गळा काढायचा, कापायचा. उघडला की दोन्ही बाजू सारख्या. हातालाच तशी खोड लागलेली.

परीक्षा आणि तिचा क्लास दोन्ही कोर्सवालेच घेतात; तिथल्या बाईंनी पेपर दाखवताना चष्मा काढून पुसला. "उरलेला आलेख कुठे सांडला?"

"बाई, घडीत आहे."

वर्गात जो हशा पिकला! मी दोन मार्कांनी गेले होते.

बुधवारी दुपारी गुंडी झोपली आणि मी टेबलाच्या कोपऱ्यावर वही उघडली. क्ष वर्ग वजा सहा क्ष अधिक पाच. या वेळी आलेख पूर्ण काढायचाच, असा पण केला होता. शून्यापासून चारपर्यंत उत्तरं काढली: पाच, शून्य, वजा तीन, वजा चार, वजा तीन. बिंदू मांडले, जोडले. मग उभ्या अक्षावर कागद दुमडून डावीकडे तस्सं उतरवलं.

सासूबाई काजं करत होत्या. दातातला दोरा न सोडताच म्हणाल्या, "हा गळा कुणाचा गं? दोन मानांचं गिऱ्हाईक आलंय का?"

पाहते तर खरंच. इकडे एक खड्डा, तिकडे एक, मधे उंचवटा. वजा एकची किंमत घालून पाहिली तर बारा आली. माझ्या कागदावर तिथे शून्य होतं. रडूच आलं मला. "आई, नाही जमणार हे माझ्याच्यानं. घडी तर अक्षावरच घातली ना?"

"हळू, उठेल ती. आणि घडी तिथेच, असं कोण म्हणालं? उभी रेघ दिसली की घातली घडी! जुना फ्रॉक मापाला आला, मधली रेघ पुसली गेलेली असली, तर मी काय करते?"

"दोन्ही खांदे एकमेकांवर ठेवता."

"मग ठेव की. मला काय विचारतेस?"

खांदे म्हणजे एकाच उंचीवरचे दोन बिंदू. दोनपाशी वजा तीन होता, चारपाशीही वजा तीन. कागद वहीतून फाडला, खिडकीच्या काचेला लावून बिंदूवर बिंदू बसवला आणि दुमडला. घडी पडली बरोब्बर तीनवर. शून्यापाशी पाच होता, त्यातून टाचणी आरपार घातली; कागद उघडला तर भोक सहापाशी. आकडे घालून पाहिलं: छत्तीस वजा छत्तीस अधिक पाच. पाचच! सहाचं उत्तर मला टाचणीनं आधी सांगितलं, गणितानं मागाहून.

"खोली किती?" सासूबाईंनी विचारलं.

"चार. रेघेच्या खाली."

"फार झाली. सर्दी होईल."

पुढचे चार दिवस मी गळेच गळे काढले. वर्गाच्या आधी दोन आला की गळा अरुंद होतो, अर्धा आला की पसरतो. काही गळे आडव्या रेघेपर्यंत उतरतच नाहीत. 'या समीकरणाला वास्तव उत्तर नाही' हे वाक्य मी महिनोन् महिने पाठ करत होते. आता ते डोळ्यांना दिसायला लागलं. गुंडीला मांडीवर पाजताना तिच्या पाठीवर बोटानं आलेख काढायचे. तिला गुदगुल्या व्हायच्या, दूध सोडून हसायची.

सोमवारी तिला पोटभर पाजलं आणि सासूबाईंजवळ बाहेरच्या बाकावर सोडून आत गेले. पाचवा प्रश्न आलेखाचा होता. वजा क्ष वर्ग अधिक चार क्ष. शून्य, तीन, चार, तीन, शून्य. बिंदू वर चढले आणि पुन्हा उतरले. असा गळा असतो कुठे? आकडे पुन्हा तपासले, तेच आले. तेवढ्यात बाहेर कुणाचं तरी मूल रडलं. माझंच असेल असं वाटून छाती भरून आली, ब्लाउज ओला झाला. परवा शिवलेला गुंडीचा फ्रॉक डोळ्यांसमोर आला. कापताना टेबलावर पडलेली त्याची इवलीशी बाही, मधे उंच, दोन्हीकडे उतरती, मुंढ्याच्या म्हणजे हात घालायच्या भोकाच्या मापाची.

अगं बाई, हा गळा नव्हेच. ही बाही! वर्गाच्या आधीच्या वजानं सगळं उलटं केलं होतं, एवढंच. घडी दोनवर, उंची चार. मी डावी बाजू काढली आणि उजवीही काढली.

पेपर गोळा करताना बाई माझ्यापाशी थांबल्या. "सापडला वाटतं उरलेला."

बाहेर गुंडी सासूबाईंची मापाची टेप चघळत होती. पलीकडच्या बाकावर दुसरंच कुणाचं तरी बाळ हुंदके देत होतं. सासूबाईंनी गुंडीला माझ्याकडे दिलं आणि ओला ब्लाउज झाकायला पदर नीट केला माझा. "मान एकच काढलीस ना?"

"मान नव्हती, आई. बाही होती."

"बाही?" त्यांनी टेपवरची लाळ पुसली. "मग मुंढ्यात बसली का?"

बसली. दहा दिवसांनी निकाल आला, पास व्हायला लागतात त्यापेक्षा पंधरा मार्क जास्तीचे होते. सासूबाईंनी तो बुधवारचा कागद शोधून काढला, तीनवरच्या घडीत दुमडला आणि फ्रॉकच्या खाक्यांशेजारी खिळ्याला अडकवला.