चिकटल्या का?

माझ्या पेशी चिकटत नव्हत्या आणि बाबांचे फोन थांबत नव्हते. दोघांनी मिळून माझं डोकं पिकवलं होतं.

रक्तवाहिनीला आतून एक पातळ अस्तर असतं. त्याच्या पेशी भिंतीला घट्ट धरून बसतात, म्हणून रक्त गुठळी न होता वाहत राहतं. रक्तवाहिनीच्या जागी बसवतात त्या प्लॅस्टिकच्या नळीला हे अस्तर नसतं. बाबांच्या पायात बसवलेली तसलीच नळी सहा महिन्यांत बंद पडली आणि गुडघ्याखालचा पाय काढावा लागला. तेव्हापासून मी नळीच्या तुकड्यांवर या पेशी बसवायच्या मागे हात धुऊन लागले होते. पेशींच्या तीन कुप्या वाया गेल्या. आज शेवटची होती, आणि प्रयोगशाळेच्या सरांनी सांगून टाकलं होतं, "ही गेली की हा विषय बंद."

बशीतल्या तुकड्याला प्रथिनाचा एक हात दिला, वर पेशी सोडल्या, बशी इन्क्युबेटरच्या उबेत ठेवली. अर्ध्या तासात बाबांचा फोन.

"चिकटल्या का गं?"

"थांबा, बघते." बशी काढली, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. पेशी आपल्या गोल गोल, मजेत तरंगताहेत. "नाही अजून."

अकराला पुन्हा तेच. बाराला पुन्हा. प्रथिन भिकार, नळी भिकार, शेजारच्या टेबलावरच्या बाई इन्क्युबेटरचं दार आपटतात. सगळ्यांना मनातल्या मनात शिव्या घालून झाल्या.

पुढच्या फोनला मात्र माझा तोल गेला. "बाबा, दर तासाला बशी बाहेर काढून बघण्याशिवाय मला दुसरं काम नाही का?"

बाबांनी चाळीस वर्षं लोकांच्या घरात फरश्या बसवल्या.

"बाहेर काढून बघतेस?"

"मग? न बघता कसं सांगू?"

"अगं शहाणे! सिमेंट ओलं असताना फरशी हलवली तर ती धरेल का? घरमालक पायाने दाबून बघायला लागले की मी त्यांना बाहेर हाकलायचो. पहिल्यापासून असंच करतेयस?"

पहिल्यापासून असंच करत होते. तिन्ही कुप्यांच्या वेळी. एवढं शिकून ही अक्कल! स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

"आता उद्यापर्यंत हात लावू नकोस," बाबा म्हणाले. "मीही फोन करत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं. पेशी चपट्या होऊन कडेला कड लावून पसरल्या होत्या. बशी तिरकी केली, तरी एकही सुटली नाही. मी लगेच फोन लावला.

"चिकटल्या, बाबा!"

"छान झालं."

"एवढंच? काल तर नुसता जीव खाल्लात माझा!"

"पेशींचं विचारलं की तू बोलतेस तरी," बाबा म्हणाले. "पायाचा विषय काढला की तुला लगेच काम निघतं."

ते खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. सर बशी बघायला येऊन उभे होते. ती मी तशीच त्यांच्यासमोर ठेवली आणि फोन घेऊन बाहेर जिन्यात जाऊन बसले.

"सांगा आता. नाही जात मी कुठे."

"नसलेला पाय दुखतो गं," बाबा म्हणाले. "बोटंसुद्धा दुखतात. कुणाला सांगू?"