श्वासबाबाची वाढती हवा

"वाढली! हवा वाढली!"

गॅरेजमागच्या मैदानात एकच गिल्ला झाला. श्वासबाबाने हवा मोजायचं मीटर उंच धरलं आणि टॅक्सीवाल्यांपासून दातांच्या डॉक्टरांपर्यंत झाडून सगळ्यांनी हात जोडले. चमत्कार असा, की बाबा आधी गार टायरची हवा मोजायचा आणि टायरला तोंड लावून काहीबाही पुटपुटायचा. मग चालकाने जप करत टेकडीला भरधाव फेऱ्या मारायच्या. परत यावं तर पंप न लावता हवा वाढलेली!

"पंपातली हवा मेलेली असते, बाळांनो," बाबा नाकातून बोलला. "मी देतो तो प्राण! पण जास्तीचा प्राण साठवू नये, वाटावा." असं म्हणून तो वाढलेली हवा सोडून द्यायचा आणि चांगली शिकलेली माणसं त्या फुसफुशीपुढे कपाळ धरायची.

गर्दीत उभ्या असलेल्या मास्तरीणबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती शाळेत विज्ञान शिकवायची आणि तिचा सख्खा थोरला भाऊ त्याच शाळेची व्हॅन चालवायचा. आज सकाळी सगळ्यांत आधी फेऱ्या मारून, हवा सोडून घेऊन, त्याने व्हॅन झाडाखाली लावली होती. उद्या तीच व्हॅन पोरांना घेऊन सहलीला घाट उतरणार होती.

"दादा, पंपावर शेवटचा कधी गेलास?"

"बाबा भेटल्यापासून गरजच नाही. गाडी कशी गादीसारखी मऊ चालते हल्ली!"

"मऊ? अरे, तुझी स्वतःची पोरगी बसते त्या मागच्या चाकावरच्या सीटवर!"

"तिच्यासाठीच येतो ना इथे दर आठवड्याला," दादा कळवळून म्हणाला. त्याचं ते तोंड बघून तिला बाबाचा आणखीच संताप आला.

ती तडक पुढे गेली. "माझ्या गाडीची हवा मोजा. पुटपुटायचं नाही."

"अश्रद्धाची हवा वाढत नसते," बाबा गर्दीकडे बघून हसला. "बघाच आता गंमत."

बाबाने हवा मोजल्यावर तिने दादाला शेजारी बसवलं आणि टेकडीला तशाच फेऱ्या मारल्या. परत आल्यावर मीटर दादाच्याच हातात दिलं. त्याने दोनदा लावून बघितलं. हवा वाढली होती, इतरांची वाढते तेवढीच.

"मी जप नाही केला. वाटभर या माणसाला शिव्या घातल्या. हो ना रे दादा?"

"घातल्या," दादा पुटपुटला. "काही तर मलाही नवीन होत्या."

गर्दीत खसखस पिकली. "माझी कृपा सगळ्यांवरच असते," बाबा घाईघाईने म्हणाला.

"मघाशी तर अश्रद्धावर नव्हती!" ती कडाडली. "लोकहो, कृपा कसली डोंबलाची! गाडी पळाली की टायर तापतो. आत कोंडलेली हवा तापली की तिचा दाब वाढतो आणि गार झाली की उतरतो. हा माणूस तापलेल्या टायरमधून हवा काढून घेतो. मग गार झाल्यावर उरते ती सकाळपेक्षाही कमी! दादा, आता व्हॅनची मोज."

दादाने मोजली. काटा सकाळपेक्षा खाली होता. तिने त्याचा हात धरून मागच्या टायरवर फिरवला. मधली नक्षी शाबूत, दोन्ही कडा गुळगुळीत. बाजूला मात्र त्याची बोटं थबकली. तिथे रबराला टोमॅटोएवढा फुगवटा आला होता.

"कमी हवेवर टायर दबून कडांवर चालतो, आतून तापतो, आणि एक दिवस फुटतो," ती म्हणाली. "उद्या घाटात फुटला असता."

दादाने वर बघितलं. बरोबर त्या चाकावरच्या खिडकीला पोरीने चिकटवलेलं कागदी फुलपाखरू होतं. त्याचे डोळे भरून आले, मग तो उसळून वळला. बाबा चटई गुंडाळून पसार होत होता. दातांचे डॉक्टर अजूनही कुरकुरत होते, श्रद्धा दुखावली म्हणे!

"दुखावू दे!" मास्तरीणबाई म्हणाली. "हवा सकाळी मोजा, गाडी हलायच्या आधी, टायर गार असताना. किती हवी ते चालकाच्या दाराच्या कडेला लिहिलेलं असतं. कमी असेल तर पंपावर जा. डोकं दिलंय ते फुसफुशीपुढे धरायला नाही."

 दादाने जॅक काढला आणि ते मागचं चाक खोलायला घेतलं.