टाकीमागच्या गल्लीचं गोड पाणी

पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत तपासनीस म्हणून तिला अकरा वर्षं झाली होती. नळाच्या तक्रारींनी टेबल भरून जायचं. फक्त टाकीमागच्या गल्लीतून वर्षभरात एकही तक्रार नव्हती. हेच तिला खटकलं आणि एका दुपारी ती स्वतःच नमुना घ्यायला गेली.

गल्लीच्या तोंडाशीच करपल्याचा उग्र वास आला. पहिल्या घरात दुधाचं पातेलं काळंठिक्कर पडलं होतं. पाठमोऱ्या मावशी निवांत भाजी निवडत होत्या.

"मावशी, दूध!"

"अगं बाई! कळलंच नाही बघ." त्यांनी गॅस बंद केला आणि नळाचं पाणी पुढे केलं. "घे, साखर घातल्यासारखं लागतं. आमची गल्ली नशिबाची."

तिने पेला घेतला, पण ओठांना लावला नाही. मोरीपाशी मुंग्यांची रांग चालली होती. ओल्या फरशीजवळ येताच एकूणएक मुंगी मागे फिरत होती.

शेजारच्या घरी आजोबा पेपर वाचत होते. कपाटाखाली मेलेल्या उंदराची घाण सुटली होती. तिने पिशवीतली अमोनियाची कुपी उघडली. त्या झणझणीत वासाने तिच्याच डोळ्यांतून पाणी आलं. आजोबांनी कुपी हुंगली आणि ते हसले. "पाणीच ना?"

नमुन्याचे सगळे आकडे मर्यादेत निघाले.

"यादीतल्या सगळ्या चाचण्या पास," साहेब सही ठोकत म्हणाले.

"आणि यादीत नाही ते?"

"यादीत नाही ते पाण्यातही नाही."

तिने कुणाला न विचारता गल्लीचा व्हॉल्व्ह बंद केला. साहेबांनी आकांडतांडव केलं, पण रस्ता खोदल्यावर त्यांनीच प्रदूषण नियंत्रण मंडळाला फोन लावला. रंगाच्या कारखान्याचं सांडपाणी फुटक्या जलवाहिनीत झिरपत होतं. प्रदूषण नियंत्रणवाल्यांनी कारखान्याला टाळं ठोकलं. दुसऱ्याच दिवशी गल्लीत नव्या वाहिनीचं पाणी आलं.

त्यानंतर तिसऱ्या सकाळी ऑफिसच्या फाटकाशी सगळी गल्ली बादल्या घेऊन उभी होती. कुणी ओरडत नव्हतं. मावशींचे ओठ सुकून फुटले होते.

"नव्या पाण्याचा घोट घशाखाली उतरत नाही गं. दोन दिवस कुणीच प्यायलं नाही. आमचं पाणी दे."

"मावशी, ते विष होतं!" तिने त्यांच्यासमोर स्वच्छ पाण्याचा पेला गटागट पिऊन दाखवला.

तिच्याकडे कुणी पाहिलंच नाही. आवारात गल्लीतून उकरून आणलेला जुना पाईप पडला होता. त्याच्या तोंडाशी थोडी ओल चकाकत होती. बादल्या खाली ठेवून सगळे एकेक करून तिकडे चालू लागले.